एका पायाची गाडी

शामराव निखाडे आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बसले नाहीत. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून खुर्चीच्या पाठीवर टकटक केलं, मान तिरपी करून ऐकलं, मग खुर्चीच्या हातावर टकटक केलं आणि माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

"मास्तर, सागवान सांगून आंबा देल्ला तुमाले."

खुर्ची माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेली होती. चहा घेऊन येणारी माझी बायको सुशीला दारातच थांबली. शामरावांना त्याचं काही नव्हतं. लाकूड आंब्याचं आहे म्हटल्यावर ते निवांत बसले आणि चहा पिऊन गेले. सुशीला मात्र पुढे वर्षभर त्यांच्या चहात साखर कमी घालत असे.

लकडगंजात शामरावांचा टाल, म्हणजे लाकडाची वखार, होता आणि टालाला लागून ओंडके चिरायची आरामशीन. मागे घर. समोरच्या गल्लीत आम्ही भाड्याने राहत होतो. मी तेव्हा हायस्कुलात मराठी शिकवत असे, आणि आरामशीनच्या घरघरीत निबंध तपासायची मला सवय झाली होती. शामराव मूळचे काटोलकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पोरवयात टालावर ओंडके मोजायला आले आणि पुढे टालाचे मालक झाले. शाळा फारशी नाही. ओंडका आतून भरीव की पोकळ, हे ते ठोकून सांगत, आणि ही सवय हळूहळू लाकडाबाहेर पसरली होती. ते भिंती ठोकत, रांजण ठोकत, टरबूज तर सगळेच ठोकतात, पण हे कोबीही ठोकून घेत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचा पाट ठोकून तो किडका असल्याचं वरपक्षासमोर सांगितलं. तो पाट बदलेपर्यंत मुहूर्त टळतो की काय अशी वेळ आली. एकदा खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर पाठीवर बोटं आपटून तपासत होते, तर हे म्हणाले, "अजून थोडं खाली वाजवा, तिथं पोकळ लागलं मले."

यावर कुणी हसलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "आवाजाले पोट नाही. तो खोटं कायले बोलन?"

अशा माणसाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एक अमेरिकन गाडी विकत घेतली. मँगनीजच्या खाणीवरचा कुणी मोठा साहेब देश सोडून चालला होता, त्याची. आमच्या गल्लीत ती वळतच नसे. लांबलचक, फिक्या हिरव्या रंगाची, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख, चाक मात्र आपल्यासारखं उजवीकडे. पण तिची खरी नवलाई आत होती. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप बदलत. पायाखाली दोनच पट्ट्या, एक पळवायची आणि एक थांबवायची, आणि दोन्ही उजव्या पायाने दाबायच्या. डाव्या पायाला काही कामच नाही. टालावरचे लोक तिला 'बिनक्लचची' म्हणत. ज्या माणसाने सायकलची घंटीसुद्धा जुन्या बाजारातून आणली, त्याने ही एवढी गाडी कशाला घ्यावी, हे कुणाला कळलं नाही. शामराव विचारणाऱ्याला एवढंच सांगत, "आवडली."

दोन-अडीच वर्षं गाडी मुकाट चालली. मग एका दिवाळीनंतर शामराव माझ्याकडे आले आणि चक्क न ठोकता बसले. मी चपापलो.

"गाडी कन्हून राहिली, मास्तर."

गाडी कण्हते म्हणजे काय करते, ते मी विचारलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ मिटले आणि नाकातून एक आवाज काढला. सुशीला आतून म्हणाली की शेजारच्यांचं मांजर पुन्हा आलंय, हाकला.

शामरावांचं काम वेगळंच होतं. सदरमधल्या एका मेकॅनिकला त्यांनी हा आवाज काढून दाखवला होता. तो म्हणाला, असा आवाज पंख्याच्या पट्ट्याचा असतो. दुसऱ्यांदा काढून दाखवला तेव्हा म्हणाला, हा बेअरिंगचा. तिसऱ्यांदा म्हणाला, आता हॉर्नचा झाला. म्हणजे आवाज दरवेळी बदलत होता. तेव्हा मी मराठीचा मास्तर, मी तो आवाज नेमका कोणत्या अक्षराचा आहे ते ठरवून द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

"ग चा हाय का घ चा?"

आम्ही बराच वेळ बसलो. ते आवाज काढत, मी अक्षर सांगत असे, ते मान हलवत. ग जाड होता, घ फारच जाड. न जवळ येत होता, पण तो दातात अडकतो आणि हा आवाज घशात सुरू होऊन नाकातून निघतो. शेवटी मी 'ङ' म्हणालो. वर्णमालेत हे अक्षर कशाला ठेवलंय, असं मुलं मला दरवर्षी विचारत असत. शामराव खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सदरमध्ये जाऊन 'ङ' चा आवाज असल्याचं सांगितलं. मेकॅनिक हिंदी बोलणारा होता, त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याने गाडी गॅरेजभोवती फिरवली, कान दिला आणि परत आणून लावली. आवाज आलाच नाही.

इथून पुढे तेच होत राहिलं. शामराव गाडी घेऊन जात, आणि गाडी दुसऱ्याच्या दारात गेली की सासरी आलेल्या सुनेसारखी गप्प. एक मेकॅनिक झाला, दुसरा झाला. एका रविवारी भर दुपारी त्यांनी मला गाडीत घातलं. हातात सागवानाची एक गुळगुळीत काठी दिली. तिचं एक टोक गाडीच्या तळाशी, गिअरबॉक्सच्या वर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. लाकडातून आवाज जसा येतो तसा लोखंडातून येत नाही, हे त्यांनी समजावलं. आम्ही भंडारा रोडने निघालो. मी मागच्या सीटवरून पुढे वाकून, काठी कानात, डोळे मिटून. सोमवारी शाळेत हेडमास्तरांनी माझ्या कानाची चौकशी केली. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईने मला पाहिलं होतं आणि लसणाचं तेल घालायला सांगितलं होतं.

त्या फेरीत काठीतून पुष्कळ काही ऐकू आलं, पण 'ङ' नाही.

मी त्यांना विचारलं, आवाज येतो तरी कधी?

"सकाळी."

"तुम्ही सकाळी गाडी काढता? कुठं जाता?"

"मी कुठं जात नाही."

"मग चालवतं कोण?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले. "गाडीच चालते," म्हणाले.

शेवटचा मेकॅनिक इतवारीच्या बाजूचा होता. त्याच्याकडे मी सोबत गेलो होतो. त्याने गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि हात पुसत फार समंजसपणे सांगितलं, "सेठजी, ये ऑटोमेटिक का झंझटही निकाल दो. ट्रक का गिअरबॉक्स बिठा देता हूँ, क्लच के साथ. जिंदगीभर आवाज नहीं आएगा." सल्ला वाईट नव्हता. त्या काळी अशा गाड्यांचं लोक तेच करत. पण शामरावांचा चेहरा असा झाला की कुणी घरातल्या माणसाचा पाय कापायला सांगितला असावा. ते गाडीत बसले, मला बसवलं आणि निघाले. गाडीचं बॉनेट उघडंच होतं. पुढच्या चौकात त्यांना थांबवून मी उतरलो आणि ते लावलं.

मला तेव्हा वाटलं, हा माणूस थोडा जास्तच विक्षिप्त होत चाललाय.

संक्रांत आली. सुशीला तिळगूळ घेऊन शामरावांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी कमलाबाई घराबाहेर पडत नसत. चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला होता आणि डावं अंग गेलं होतं. त्याआधी टालावर शामरावांपेक्षा कमलाबाईंचा दरारा जास्त होता. ट्रकवाल्यांशी भाव त्या करत, मजुरांचा हिशेब त्या बघत, आणि बुधवारच्या बाजारात भाजीवाले त्यांना दुरून येताना पाहूनच भाव उतरवत. आजारानंतर त्या मागच्या खोलीत गेल्या त्या गेल्याच. मूलबाळ नव्हतं. बायका भेटायला गेल्या की त्या झोपल्यात असं आतून उत्तर येई. सुशीलाला मात्र त्या भेटत.

घरी आल्यावर सुशीलाने तिळगुळाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाली, कमलाबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय कोण जाणे. त्या सारखं एकच बोलत होत्या. माझ्यामुळे गाडी बिघडली, म्हणे. माझ्या अंगात दोष आहे, तो गाडीला लागला.

मी हातातली वही खाली ठेवली.

संध्याकाळी शामरावांना बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं. सकाळी गाडी कमलाबाई चालवतात का?

त्यांनी आमच्या टेबलावर टकटक करायला सुरुवात केली. काही ऐकायला नव्हे, नुसतीच. मग बोलू लागले, तेही टेबलाकडे पाहत.

लकव्यानंतर कमलाबाई भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. जेवण दोन घास. पाय ओढत चालते, तोंड वाकडं झालं, हे लोकांनी पाहू नये म्हणून दिवसा अंगणातही यायच्या नाहीत. शामराव काही बोलले तर हो म्हणायच्या. हेच त्यांना सहन होईना. लग्न झाल्यापासून ती बाई त्यांना कधी एका शब्दात हो म्हणाली नव्हती. अशात ते सागवानाच्या पेट्या करून द्यायला खाणीवरच्या साहेबाकडे गेले. साहेब सामान बांधत होता. बोलता बोलता गाडीची गोष्ट निघाली. साहेब म्हणाला, ही एका पायाची गाडी आहे, दुसरा पाय नुसता प्रवासाला येतो.

"मी तिथंच घेऊन टाकली, मास्तर. मंग घरी येऊन विचार केला का हिले सांगू कसं."

कमलाबाईंनी महिनाभर गाडीकडे पाहिलं नाही. मग एका रविवारी, आरामशीन बंद असताना, शामरावांनी त्यांना उचलून चालवायच्या जागेवर बसवलं. टालाचं फाटक लावून घेतलं. ओंडक्यांच्या थप्प्यांमधून गाडी पुढे, गाडी मागे. पहिल्या दिवशी त्यांनी बिजा लाकडाची एक थप्पी पाडली. शामरावांनी दुसऱ्या रविवारी वाट रुंद केली. पुढे पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना, दोघं कामठी रोडने जाऊन येऊ लागले. उजाडायच्या आत परत. हे कुणाला कळू द्यायचं नाही, ही कमलाबाईंची अट होती. शामरावांनी ती अट मेकॅनिकसमोरही पाळली होती.

"जेवाले लागली. मंग माझ्याशी भांडाले लागली. मले लय बरं वाटलं."

मग दिवाळीनंतर गाडी कण्हू लागली. आणि नेमकी कमलाबाई बसल्या की. शामराव दिवसा चालवायचे तेव्हा आवाज नाही. मेकॅनिकने चालवली, आवाज नाही. मी काठी लावली, नाही. कमलाबाईंनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला. महिनाभर झाला, त्या पुन्हा आतल्या खोलीत गेल्या होत्या.

"तिले म्हनलं का तुह्या पायाचा आनि गिअरबॉक्सचा काय संबंध वं? तर म्हनते, तुमीच सांगता नं, आवाज खोटं बोलत नाही." शामराव थांबले. "आता याले काय जवाब देऊ मी?"

मी आणि शामराव, दोघांनी मिळून दोन महिने त्या गाडीला अक्षर आणि काठी लावण्यात घालवले होते. सुशीला कपबशा उचलायला आली होती. ती म्हणाली, "पहाटे गाडी आधी त्याच काढायच्या ना? रात्रभर गारठलेली?"

शामराव हो म्हणाले. ते स्वतः दहा-अकराला काढत. तोवर पत्र्याच्या शेडवर चांगलं ऊन आलेलं असे.

"आमचं शिवणयंत्र हिवाळ्यात सकाळी असंच कुरकुरतं. दोन कपडे शिवून झाले की गप्प. उद्या पहाटे तुम्हीच आधी चालवा. त्यांना शेजारी बसवा."

शामरावांनी टकटक थांबवली. मग उठले आणि चपला न घालताच निघून गेले. सुशीलाने त्यांच्या चपला माझ्या हाती दिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं त्यांच्या शेडपाशी गेलो. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. कमलाबाई पुढच्या सीटवर शाल गुंडाळून बसल्या होत्या, यायचं नव्हतं पण आणलं, अशा. आम्हाला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. सुशीला मागे बसली आणि जणू रोजच जातो अशा सुरात थंडीबद्दल बोलू लागली. स्टिअरिंगच्या चाकावर शिसवीचा एक गोल मुठीएवढा गट्टू बसवलेला मला दिसला. एका हाताने चाक फिरवता यावं म्हणून शामरावांनी तो स्वतः तासला होता.

शामरावांनी गाडी सुरू केली. दांडी ओढून गिअरमध्ये टाकली. फाटकातून बाहेर निघालो, रस्त्याला लागलो, आणि गाडीच्या पोटातून आवाज आला.

तो ग नव्हता, घ नव्हता, आणि मला मान्य केलं पाहिजे, ङ सुद्धा नव्हता. दूर कुठंतरी कुणी कुत्र्याचं पिल्लू कोंडून ठेवावं, तसा तो होता. शामराव वेग वाढवत तसा तो वाढे.

त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली.

"ऐकलं काय वं? माझ्यानंही करते."

कमलाबाईंनी शाल कानावरून मागे सारली. मग म्हणाल्या, "आणखी करा."

त्यांनी पुन्हा गाडी काढली. पुन्हा आवाज आला. कमलाबाईंनी मान तिरपी केली आणि डोळे बारीक करून ऐकलं. तिसऱ्या खेपेला त्यांना हसू आलं. वाकड्या बाजूने ते पूर्ण फुटत नव्हतं, पण ते हसूच होतं.

"तुमच्यानं जास्त करते," त्या म्हणाल्या. "सरका तिकडं."

मग शामराव उतरून, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले. जागा बदलायला बराच वेळ लागला. आम्ही दोघं मागे बसून रस्त्याकडेची झाडं पाहत होतो. त्या दिवशी कामठीपर्यंत गाडी कमलाबाईंनी चालवली, कण्हणाऱ्या गिअरबॉक्ससकट. गाव यायच्या आधी आवाज आपोआप थांबला.

दुरुस्तीची गोष्ट त्यापुढे फार साधी आहे. कामठीला छावणीतून निवृत्त झालेले एक हवालदार गाड्या दुरुस्त करत. या वेळी शामरावांनी त्यांना सगळं खरं सांगितलं, कोण चालवतं तेही. गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी गारठलेली असताना हवालदारांनी ती सुरू केली आणि आवाज त्यांच्यासमोर आला. गिअरबॉक्समध्ये तेल ओढणारा पंप असतो, त्याच्या तोंडाशी एक जाळी असते. ती गाळाने बुजली होती. थंडीत तेल घट्ट झालं की पंपाला ते ओढवत नसे, म्हणून तो कण्हायचा. गाडी तापली की तेल पातळ व्हायचं आणि पंपाची सुटका व्हायची. जाळी धुतली, तेल बदललं, आणि आवाज गेला. शामरावांनी हवालदारांना त्यांच्या दुकानाचा दरवाजा आंब्याचा असल्याचं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात सागवानाचा पाठवून दिला.

कमलाबाई त्यानंतर उजाडल्यावरही गाडी काढू लागल्या. आधी लोक थांबून पाहत. शामराव खिडकीतून डोकं काढून त्यांना 'काय पाहता गा?' असं विचारत, पण कमलाबाईच त्यांना गप्प बसवत. पुढे लोकांना सवय झाली. टालावर त्यांचा आवाजही पुन्हा ऐकू येऊ लागला. मजुरांना त्याचा फारसा आनंद झाला असं दिसलं नाही.

फाल्गुनात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. कामठीला एका विद्यार्थ्याच्या घरी माझं काम होतं. पळस फुलला होता. कमलाबाई चालवत होत्या, शामराव शेजारी, मी मागे. शामराव मागे वळून मला शिसव आणि बिजा यांतला फरक समजावत होते. कोणतं लाकूड पाण्यात टिकतं, कोणतं उन्हात तडकतं, कोणत्याला कीड लवकर लागते.

कमलाबाईंचा डावा हात मांडीवर ठेवलेला असे. त्यात जीव नव्हता. रस्ता वळला की तो घसरून सीटच्या कडेला लोंबायचा. त्यांना ते कळत नसे. त्या समोर पाहत असत. तो घसरला की शामराव तो मनगटाशी धरून उचलत, पदर सारखा करून पुन्हा मांडीवर ठेवत, आणि पुढच्या वळणापर्यंत त्यावर आपला हात ठेवून बसत. हे करताना त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. बोलणंही थांबवलं नाही.

"शिसव जड असते, मास्तर," ते सांगत होते. "पन तिले नीट जागा भेटली पाहिजे."

कामठी येईपर्यंत रस्त्याला बरीच वळणं होती.